बाहेर गेलेल्या मुलाला परत आत घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांना फुटबॉलच्या सामन्याला नेऊ नये, घरी टीव्हीवर सगळे जास्त चांगले दिसते, अशा आशयाचे एका वाचकांचे पत्र आपण अलीकडे छापलेत. गर्दी, गोंगाट आणि शिवीगाळ अशी तीन कारणे त्यांनी दिली आहेत. तिन्ही खरी आहेत. तरीही त्यांचा निष्कर्ष मला पटलेला नाही. शिवाय जे कारण मला सगळ्यांत मोठे वाटते, ते त्यांच्या पत्रात आलेलेच नाही. ते म्हणजे मैदानाचे फाटक. त्याबद्दल पुढे लिहितोच.

मी निवृत्त पंच. हयात शालेय आणि क्लबच्या सामन्यांत गेली. शिट्टी कमी वाजवली, झेंडा घेऊन रेषेवर धावणेच जास्त वाट्याला आले. रेषेवरच्या माणसाची पाठ कायम प्रेक्षकांकडे असते. त्यामुळे प्रेक्षक काय बोलतात ते मला तोंडपाठ आहे, पण त्यांना काय दिसते याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती. यंदा सहा वर्षांच्या नातीला घेऊन प्रेक्षकांत बसलो तेव्हा ती आली.

आधी टीव्हीचा मुद्दा. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो आणि आपण कॅमेऱ्याच्या. मोठ्या सामन्यांचे मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. त्यावरच्या बावीस जणांपैकी एका वेळी पडद्यावर येतात थोडेच. बाकीचे काय करत असतात, हा प्रश्न मला तरी टीव्हीसमोर कधी पडला नाही. नातीला मात्र मैदानात पहिल्या पाच मिनिटांत पडला, आणि मग पूर्वार्धभर तिने दुसरे काही पाहिलेच नाही. आम्ही बसलो होतो त्या टोकाचा गोलकीपर हिरव्या जर्सीत होता. त्याचा संघ वरचढ, त्यामुळे बॉल बराच वेळ पलीकडे. हा बिचारा मोकळा. त्याने बुटाच्या टाचेने गोलच्या बरोबर मध्यावर जमिनीवर एक रेघ ओढली. मग पेनल्टी एरियाच्या टोकापर्यंत चालत गेला, मागे वळून दोन्ही खांबांकडे पाहिले आणि उलट्या पावलांनी रेघेपर्यंत परत आला. ग्लोव्हजचे पट्टे सोडले, पुन्हा आवळले. समोर कुणी नसताना हातवारे करत ओरडला. जाळीला टेकवून ठेवलेला टॉवेल उचलला, घडी घातली, परत ठेवला. "आबा, याला कुणीच बॉल का देत नाही?" असे तिने विचारले, तेव्हा तिला त्याची खरोखर कणव आली होती. गोलकीपरला जितका कमी बॉल मिळेल तितके त्याचे बरे चाललेले असते, हे मी समजावले. तिला ते अजिबात पटले नाही. खेळायला येऊन खेळायला न मिळणे चांगले कसे असेल?

तेवढ्यात पलीकडे गोल झाला. स्टँड उभे राहिले. ही खाली वाकून बुटाची पट्टी लावत होती. मान वर करून म्हणाली, "परत कधी दाखवतील?" मी म्हटले, इथे परत दाखवत नाहीत, झाला तो झाला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच तो निकाल दिला होता. त्यानंतर मध्यंतरापर्यंत बुटाची पट्टी सुटलेलीच होती. टीव्हीवर लक्ष नसले तरी चालते, सगळे पुन्हा पाहायला मिळते, ही आताच्या मुलांची सवय. तीन-चार वेळा सांगून न सुटणारी ती सवय त्या एका गोलने तासभर तरी मोडली.

नेणाऱ्यांसाठी एक सूचना अनुभवाने करतो. सामन्याच्या ठोक्याला पोचू नका, खेळाडू सराव करत असतात तेव्हाच जाऊन बसा. लहान मुलाच्या दृष्टीने खरा कार्यक्रम तोच. एकाच वेळी ढीगभर बॉल हवेत असतात, खेळाडू अगदी जवळ असतात, हसत असतात, नावाने हाक मारली तर एखादा हातही करतो. पायाचा बॉलवर बसणारा धप्प आवाज टीव्हीवर कधी ऐकूच येत नाही, तो इथे येतो. त्या सरावानंतर शिट्टी झाली आणि मैदानात एकच बॉल उरला, तेव्हा नातीला तो सरळसरळ कंजूषपणा वाटला. आणि ऑफसाइड समजावायच्या भानगडीत पडू नका. ज्या नियमावरून मोठमोठे प्रशिक्षक रेषेवरच्या माणसाच्या अंगावर धावून येतात, तो सहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी कळायची गरज नाही. कार्डे मात्र न सांगता कळतात. इंग्लंडचे पंच केन अॅस्टन यांना ती कल्पना सिग्नलचे दिवे पाहून सुचली आणि 1970 च्या मेक्सिकोतील वर्ल्ड कपपासून ती अमलात आली. पंचाची भाषा खेळाडूला कळत नसली तरी रंग कळावा, हा हेतू. आमच्या समोर पिवळे कार्ड निघाले तेव्हा नातीने त्याचा अर्थ मलाच ऐकवला: "आता शहाण्यासारखं वागायचं, नाहीतर लाल."

आता शिवीगाळ. याबाबत पत्रलेखकांपेक्षा माझा अनुभव दांडगा आहे. माझ्या आईवडिलांचा उद्धार मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याचे काही वाटेनासे झाले होते. त्या दिवशी मागच्या रांगेत एक गृहस्थ होते. आवाज खणखणीत. पंचाने एक फाउल दिला नाही, तशी त्यांनी सुरुवात केली. नातीने मागे वळून त्यांच्याकडे टक लावून पाहिले आणि मग मला मोठ्याने विचारले, "आबा, तुम्हालापण असंच म्हणायचे?" गृहस्थ गप्प झाले. पाच मिनिटांनी पुन्हा एक निर्णय विरुद्ध गेला. त्यांना राहवेना. उठून उभे राहिले, तोंड उघडले, खाली हिच्याकडे पाहिले आणि ओरडले, "अहो पंच! काय करता हो तुम्ही!" आसपासचे सगळे हसले, तेही हसले. मला इतक्या वर्षांत रेषेवरून कुणी 'अहो' केल्याचे आठवत नाही.

म्हणून मुलांना शिव्यांपासून दूर ठेवा, या म्हणण्याला माझा उलटा प्रश्न आहे. मुले आली तर शिव्याच कमी होणार नाहीत का? हे निव्वळ माझे मनोराज्य नाही. 2011 मध्ये तुर्कस्तानात फेनरबाचे क्लबच्या प्रेक्षकांनी एका सामन्यात मैदानात घुसून गोंधळ घातला. पुढचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायची शिक्षा होती. तिथल्या फेडरेशनने ती बदलली आणि फक्त स्त्रिया व 12 वर्षांखालील मुले यांना मोफत आत सोडले. सप्टेंबरमध्ये इस्तंबूलला मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला अशा 41 हजारांहून अधिक जणी आणि मुले आली. खेळाडूंनी सुरुवातीला प्रेक्षकांत फुले फेकली, आणि एरवी ज्यांची हुर्यो होते त्या पाहुण्या संघालाही टाळ्या मिळाल्या. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. पुरुषांना बाहेर ठेवणे हा काही कायमचा उपाय नव्हे, मीही मग घरीच बसलो असतो. पण स्टँडमध्ये कोण बसले आहे यावर स्टँडची भाषा ठरते, एवढे त्यातून दिसले.

गोंगाटाबाबत मात्र पत्रलेखकांच्या बाजूने आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी एक मोजमाप सर्रास वापरतात. 85 डेसिबल असेल तर आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटे. हा हिशेब मोठ्या माणसांचा आहे. भरलेल्या स्टेडियममध्ये गोल झाला की आवाज सहज 100 च्या वर जातो, आणि भोंगे कुणी कानाशी वाजवले तर विचारूच नका. कापसाच्या बोळ्यांनी फारसे काही होत नाही. कान पूर्ण झाकणारे, हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ मिळतात, ते न्यावेत. नातीने ते डोक्यावर चढवले आणि थोड्या वेळाने एक बाजू उचलून, परत बसवून, गर्दीचा आवाज चालू-बंद करण्याचा खेळ शोधून काढला. काही मुलांना मात्र आवाज आणि गर्दी सहनच होत नाही. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये सुंदरलंड क्लबने 2015 मध्ये स्टेडियममध्येच एक शांत खोली केली, जिच्या काचेतून मैदान दिसते. नंतर इतर क्लबांनीही तशा खोल्या केल्या. आपल्याकडे लगेच खोली करा असे म्हणत नाही. ध्वनिक्षेपकाचा कर्णा मुलांच्या रांगांवर रोखू नका, इतके तर जमेल?

आता फाटक.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. हिरवा गोलकीपर पलीकडे गेलेला पाहून नात कासावीस झाली. "तो तिकडे का गेला? भांडण झालं का?" मी नियम सांगितला. तो टॉवेल विसरला तर नाही ना, हे पाहायला ती उठून उभी राहिली. टॉवेल त्याने नेला होता. मग उत्तरार्धाच्या दहाव्या-बाराव्या मिनिटाला व्हायचे तेच झाले: "आबा, शू." आमच्या बाजूचे स्वच्छतागृह फाटकाच्या बाहेर, पंधरा पावलांवर. फाटकावर एक तरुण स्वयंसेवक होता. मी त्याला तिकिटे दाखवून सांगितले, पोरीला घेऊन जातो आणि दोन मिनिटांत येतो. तो म्हणाला, "काका, एकदा बाहेर गेलात की परत आत नाही. वरून ऑर्डर आहे." मी म्हटले, मग या वयाच्या मुलाने करायचे काय? त्याने खांदे उडवले नाहीत, उर्मटपणा केला नाही. तो ओशाळला. त्याच्या हातात काही नव्हते. सहा वर्षांच्या पोरीला यापुढे थांबवणे माझ्याही हातात नव्हते. आम्ही बाहेर पडलो.

परत आलो तेव्हा फाटक बंद. विनंती केली, तिकिटे पुन्हा दाखवली, त्या मुलाने फोनवर कुणाला तरी विचारलेही. उत्तर तेच. आम्ही भिंतीलगत उभे असताना आत एकदम गर्जना झाली, भिंतीतून अंगाला जाणवेल अशी. गोल. कुणाचा ते कळेना. नातीने माझा हात ओढला: "आपण नसताना कसा केला?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आणि मग, "हिरव्यावर झाला का?" हेही मला सांगता आले नाही. बाहेर येणाऱ्या कुणालातरी विचारावे म्हणून थांबलो, पण परत घेणार नाहीत हे माहीत असल्यामुळे कुणी बाहेर येतच नव्हते. ती रडली ती घरी जाताना.

बाहेर गेलेल्याला परत न घेण्यामागची कारणे मला ठाऊक आहेत. एकाच तिकिटावर दुसराच माणूस आत येतो, बाहेरून नको त्या वस्तू येतात. संयोजकांची अडचण खोटी नाही. पण त्यावरचा तोडगाही अवघड नाही. बाहेर जाताना मुलाच्या आणि सोबतच्या मोठ्याच्या हातावर शिक्का मारा, येताना दोघांची झडती घ्या. मोठ्यांना नसेल सोडायचे तर सोडू नका, फक्त दहा वर्षांखालच्या मुलाला आणि त्याच्यासोबतच्या एकाला सोडा. किंवा मुले असलेल्या कुटुंबांना ज्या बाजूला आतच स्वच्छतागृह आहे त्या बाजूची तिकिटे द्या. सामना 90 मिनिटांचा, मध्यंतर जास्तीत जास्त 15 मिनिटांचे, भरपाईची मिनिटे वेगळी, आणि लवकर येऊन बसा असे संयोजकच सांगतात. अडीच तास कोणते लहान मूल एका दमात बसते? दमले तर त्याला जरा बाहेर हिंडवून आणता यायला हवे.

पंच म्हणून नियमाचाच दाखला देतो. मोठ्यांच्या अधिकृत सामन्यात बदलला गेलेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकत नाही. पण खेळाच्या नियम क्रमांक 3 मध्येच मुलांच्या सामन्यांसाठी सूट ठेवली आहे. राष्ट्रीय संघटनेने परवानगी दिली तर बाहेर गेलेला मुलगा पुन्हा आत येऊन खेळू शकतो. मुले दमतात, रुसतात, त्यांना तहान लागते आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायचे असते, हे नियम करणाऱ्यांना कळले. ही सूट मी स्वतः शालेय सामन्यांत कितीदा अमलात आणली आहे. खेळणाऱ्या मुलाला जी सवलत आहे ती पाहणाऱ्या मुलाला नसावी, याला काही कारण मला सापडत नाही.

फाटकांबद्दल आणखी एक, आणि हे जास्त गंभीर. इंडोनेशियात मलंग येथे 1 ऑक्टोबर 2022 रोजी सामना संपल्यावर पोलिसांनी स्टेडियममध्ये अश्रुधुर सोडला, लोक दारांकडे धावले आणि दारांशी चेंगरले. 135 जण गेले, त्यांत मुलेही होती. ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये 2 जानेवारी 1971 रोजी सामना संपून लोक एका जिन्याने उतरत असताना चेंगराचेंगरीत 66 जण मेले. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. गर्दीचा धोका बहुतेकदा खेळ चालू असताना स्टँडमध्ये नसतो, तो दारात आणि जिन्यावर असतो. म्हणून मुलाला घेऊन गेलेल्यांनी सामना संपला की लगेच उठू नये, स्टँड निम्मे रिकामे होईपर्यंत बसून राहावे. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि हरवलास तर अमक्या खांबाशी उभा राहा, हे बसण्याआधी तो खांब दाखवून सांगावे. गोलच्या मागच्या खालच्या रांगा मात्र टाळाव्यात. बॉलचे वजन 410 ते 450 ग्रॅम असते आणि चुकलेला फटका थेट तिथेच येतो. संयोजकांनी फाटके सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात सताड उघडी ठेवावीत आणि प्रत्येक फाटकावर कुलपाची किल्ली हातात असलेला माणूस असावा. ज्या फाटकातून पोरीला स्वच्छतागृहात नेऊन परत आणता येत नाही, ते अडचणीच्या वेळी किती चटकन उघडेल याची मला काळजी वाटते.

मोठ्या सामन्याऐवजी शाळेच्या किंवा लहान क्लबच्या उघड्या मैदानावर न्या, असा सल्ला मला काहींनी दिला. सल्ला चांगला आहे आणि पहिल्या खेपेला तेच करावे असे मीही म्हणेन. रेषेपासून चार पावलांवर उभे राहता येते, फाटक नसतेच, कंटाळा आला तर मूल बाजूला स्वतःच बॉल लाथाडत बसते. पण मोठा सामना मुलांसाठी नाहीच, असे त्यावरून ठरवून टाकू नये. 2022 च्या युरो स्पर्धेत महिलांचा अंतिम सामना वेम्बलीवर 87,192 जणांनी पाहिला आणि त्यात लहान मुली किती होत्या हे चित्रांतून सगळ्या जगाने पाहिले. एवढ्या गर्दीत मुले नीट बसू शकतात, व्यवस्था तशी हवी.

तो दुसरा गोल कुणी केला हे मला दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकातून कळले. हिरव्यावरच झाला होता. नातीला सांगितले तर म्हणाली, "मग त्याला वाईट वाटलं असेल, आपण तिथं पाहिजे होतो." पुढच्या सामन्याला न्या म्हणून तिने मागे लागणे सुरूच ठेवले आहे. मी होकार दिलेला नाही. पुढच्या हंगामाची तिकिटे विक्रीला येण्याआधी मुलांना बाहेर जाऊन परत आत येऊ देणार की नाही, याचे स्पष्ट उत्तर संयोजकांनी आपल्या याच सदरातून द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पंच